जुना पाइप साफ करताना काय काढायचं आणि काय ठेवायचं

जुना तंबाखूचा पाइप हाती आला की लगेच पॉलिशची मोटर सुरू करू नका. भंगारातून आलेले निम्मे चांगले पाइप बिघडतात ते बफच्या चाकावर. शँकवर, म्हणजे लाकडी दांड्यावर, ठसवलेली अक्षरं पुसट होतात, बाउलची, म्हणजे तंबाखूच्या वाटीची, वरची कड गोल होते, आणि स्टेम, म्हणजे तोंडात धरायची नळी, लाकडाला जिथे भिडतो तिथे नखाला लागेल अशी घळ पडते. वरून पाइप मात्र आरशासारखा चमकतो, म्हणून करणाऱ्याला वाटतं काम छान झालं. या लेखात सगळा भर आहे तो घाण काढताना लाकूड आणि रबर कमीत कमी कसं जाईल यावर.

इंदुरात असे पाइप बहुधा महूच्या बाजूनं येतात. तिथली छावणी १८१८ च्या मंदसोर तहानंतरची. जुन्या बंगल्यांतलं सामान निघालं की पितळी दिवे आणि चामड्याच्या पेट्यांबरोबर एखादा पाइप निघतो. विकणारा 'अंग्रेजों के टाइम का है साहब' म्हणून भाव चढवतो. त्यावर विश्वास ठेवण्याआधी खिशातली टॉर्च काढून शँकवर आडवा उजेड पाडा. अक्षरं वाचता आली तर बाकी माहिती पाइप स्वतःच देतो.

भाग मोजकेच. तंबाखू भरायचा तो बाउल, त्यातून निघालेला लाकडी दांडा म्हणजे शँक, तोंडात धरायची नळी म्हणजे स्टेम. स्टेमची खुंटी शँकच्या भोकात बसते, तिला टेनन म्हणतात. दाताखाली धरायचा उंचवटा म्हणजे बटण. बाउल आणि शँक चांगल्या पाइपमध्ये ब्रायरचे असतात. ब्रायर म्हणजे भूमध्यसागराच्या काठी वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी धरलेली गाठ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून फ्रान्सच्या ज्युरा भागातल्या सेंट-क्लोद गावानं तिचे पाइप करायला घेतले. गाठ तासन्‌तास उकळून तिचा रस काढतात, मग महिनोन्महिने वाळवतात, म्हणून ती विस्तवाला टिकते. एका अंगाला उभे रेघांसारखे तंतू आणि दुसऱ्या अंगाला बारीक ठिपके दिसले की ब्रायर समजा. हस्तकलेच्या दुकानात मिळणारे शिसवीचे कोरीव पाइप शोभेचे. त्यांवर लाखेचा जाड थर असतो, त्यांना खाली दिलेलं काही लागू नाही.

ठशांतून काय कळतं याची दोन-तीन उदाहरणं. पीटरसन या आयरिश कंपनीच्या पाइपवर 'आयरिश फ्री स्टेट' असेल तर तो १९२२ ते १९३७ मधला, 'रिपब्लिक ऑफ आयर्लंड' असेल तर १९४९ नंतरचा. डनहिल या इंग्रज कंपनीच्या पाइपवर 'मेड इन इंग्लंड'च्या शेवटी बारीक आकडा असतो, त्यावरून साल काढतात. तो आकडा बफवर गेला की पाइपची किंमतही गेली. शँकवर चांदीचं कडं असेल तर त्यावरचे शिक्के बघा: जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन, तीन पेंढ्या आणि तलवार म्हणजे चेस्टर. चेस्टरचं कार्यालय १९६२ मध्ये बंद झालं, तेव्हा तो शिक्का असला की पाइप त्याआधीचा. शेजारचं एक अक्षर वर्ष सांगतं. पीटरसनच्या कड्यावर तीन पानांचं शॅमरॉक, कुत्रा आणि मनोरा असे तीन ठसे दिसतात ते चांदीचे शिक्के नव्हेत. ते निकेलच्या कड्यावरही असतात. शंका असेल तर सराफ्यात कसोटीवर घासून मिळतं, दोन मिनिटांचं काम आहे. फक्त दिवसा जा. दुकानं मिटल्यावर तिथे भुट्ट्याचा कीस मिळतो, कसोटी नाही.

आता काम. स्टेम निघत नसेल तर ओढाताण नको. वर्षानुवर्षांच्या डांबरानं टेनन चिकटलेला असतो आणि जोर केला की तो आतच मोडतो. पाइप प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये अर्धा तास ठेवा. थंडीनं स्टेमचं एबोनाइट, म्हणजे कडक रबर, लाकडापेक्षा जास्त आक्रसतं आणि पकड सुटते. बाहेर काढल्यावर शँक मुठीत धरा, बाउल धरू नका, आणि स्टेम एकाच दिशेनं, घड्याळाच्या काट्याप्रमाणे, फिरवत ओढा. तरी नाही निघाला तर बाउलच्या बाजूनं चार थेंब स्पिरिट (या लेखात स्पिरिट म्हणजे पुढे सांगितलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल) सोडून रात्रभर ठेवा आणि पुन्हा फ्रीजर. काही अमेरिकन पाइपांत, केवूडीसारख्या, टेननऐवजी धातूचा आट्यांचा स्क्रू असतो. तिथे थंडीपेक्षा ऊब बरी. ड्रायरनं धातू कोमट केला की डांबर मऊ होतं.

स्टेम निघाल्यावर बाउलच्या आतला कार्बन. वापरलेल्या पाइपमध्ये तो असणारच आणि थोडा असावाही, साधारण १ मिमी. त्याहून जाड झाला की गरम झाल्यावर तो लाकडापेक्षा वेगळ्या प्रमाणात फुगतो आणि बाउलला आतून तडा देतो. दुरुस्तीच्या वेळी मात्र तो लाकडापर्यंत काढावा, कारण लाकूड दिसल्याशिवाय आत काय झालंय ते कळत नाही. वेगवेगळ्या मापांची डोकी असलेला रीमर, म्हणजे भोक आतून खरवडायचं हत्यार, असेल तर सगळ्यात लहान डोक्यापासून सुरुवात करा आणि हातानं, जोर न लावता फिरवा. नसेल तर १५ मिमी जाडीचा गोल लाकडी दांडा घ्या, त्याभोवती ८० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळा, मग १५०, मग २२०. बाउलचं भोक बहुधा १८ ते २२ मिमी असतं, पेपरच्या घड्या कमी-जास्त करून माप जुळतं. चाकू घालू नका. चाकूनं भोक वाकडं होतं आणि तळाशी पायरी पडते, ती नंतर कशानंही सरळ होत नाही. हे काम वर्तमानपत्रावर, गच्चीत, तोंडाला एन-९५ मास्क लावून करा. ओल्या डांबराला हात लावताना हातमोजे हवेत, निकोटिन कातडीतून अंगात जातं.

लाकूड उघडं पडलं की टॉर्चनं आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा असतील तर घाबरायचं कारण नाही. एखाद्या जागी लाकूड काळं आणि मऊ असेल, टोकदार सळई सहज रुतत असेल, तर तिथून पाइप जळायला लागला आहे. बाहेरच्या अंगाला त्याच जागी काळा डाग उमटलाय का ते बघा. डाग बाहेर आला असेल तर तो पाइप कपाटात शोभेला ठेवावा, माझं मत तरी असंच आहे.

शँकच्या आतली सफाई हा सगळ्यात कंटाळवाणा भाग आणि म्हणून बहुतेक जण तो अर्ध्यावर सोडतात. यासाठी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. जेल रोडला मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे ते 'आयपीए' म्हणून मिळतं, सर्किट बोर्ड धुवायला तेच वापरतात. रंगाच्या दुकानातलं डीनेचर्ड स्पिरिट घेऊ नका. ते पिण्यालायक राहू नये म्हणून त्यात मिथेनॉल, पिरिडीन अशी द्रव्यं मिसळलेली असतात, आणि पाइप ही तोंडात धरायची वस्तू आहे. थिनर तर नकोच. पाइप क्लीनर घेताना सुती आहेत ना ते बघा. स्टेशनरीच्या दुकानात मुलांच्या हस्तकलेसाठी मिळणारे रंगीत क्लीनर सिंथेटिक धाग्याचे असतात, ते काही शोषत नाहीत आणि आत केस सोडतात. दातांच्या फटीत घालायचे बारीक ब्रश स्टेमच्या बटणाकडच्या चपट्या फटीला उत्तम.

क्रम असा. आधी सुक्या सळईनं शँकच्या भिंतीवरचा कडक थर खरवडायचा. हवेच्या वाटेत घट्ट खडा बसला असेल तर ती वाट बहुधा ४ मिमीच्या आसपास असते, त्याहून किंचित बारीक ड्रिल बिट चिमटीत धरून हातानं फिरवा, मशीनला लावू नका. मग कान साफ करायच्या काड्या स्पिरिटमध्ये बुडवून एकामागून एक. पहिल्या काड्या डांबरासारख्या काळ्या येतील, मग तपकिरी, मग चहासारख्या, शेवटी फिकट पिवळ्या. फिकट पिवळी आली की थांबा. पीटरसनच्या सिस्टीम पाइपमध्ये शँकच्या तळाशी ओल साठायची खोली असते, सगळी घाण तिथे, काडी वाकवून तिच्यात घालावी लागते. स्पिरिट बाउलच्या बाहेरच्या अंगाला लागू देऊ नका, रंग उतरतो. स्टेम ॲक्रिलिकचा असेल तर त्यालाही स्पिरिट नको, त्यात बारीक चिरा पडतात. तिथे कोमट पाणी आणि भांड्याचा साबण.

एवढं करून वास राहिलाच तर बाउलमध्ये सर्जिकल कापूस सैलसर भरा, शँकच्या भोकात कापसाचा पीळ घाला, पाइप अंड्यांच्या ट्रेमध्ये कड वर येईल असा टेकवा आणि सिरिंजनं स्पिरिट थेंबथेंब सोडा. ८ ते १० मिली पुरतं. कडेच्या जरा खाली थांबा. दहा-बारा तासांत कापूस तपकिरी होतो, लाकडातलं डांबर त्यात उतरलेलं असतं. कापूस बदलून पुन्हा करा. कापसाऐवजी मीठ घालायची जुनी पद्धत आहे, पण आपल्याकडचं मीठ बहुतेक आयोडिनचं, आणि पावसाळ्यात ते आतच पाणी धरून बसतं. कापूस बरा. यानंतर तीन-चार दिवस पाइप सावलीत वाळू द्यायचा. या दिवसांत स्टेम घालून बघायचा मोह होतो. लाकूड फुगलेलं असतं, टेनन अडकतो.

आता स्टेम. जुन्या पाइपचा स्टेम बहुधा एबोनाइटचा, म्हणजे गंधकानं कडक केलेल्या रबराचा. उजेडानं आणि दमटपणानं पृष्ठभागाशी गंधकाची संयुगं तयार होतात आणि काळा रंग हिरवट-तपकिरी, शेवटी खाकी होतो. शाईची जुनी पेनं जमवणाऱ्यांना हा रंग ओळखीचा असेल, द्रव्य एकच. अंगठ्यानं जोरात चोळून वास घ्या, गंधकाचा वास आला तर एबोनाइट. ॲक्रिलिकला वास येत नाही आणि ते रंग बदलत नाही.

बिघडलेला थर आधी मऊ करायचा. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे सोडियम परकार्बोनेट. कपड्यांचे डाग काढायच्या 'ऑक्सिजन'वाल्या पावडरी त्याच्याच असतात. स्टेमवर ठसवलेलं चिन्ह असेल तर त्यावर आधी व्हॅसलिनचा जाड थर. चिन्ह जडवलेलं असेल, उदाहरणार्थ कोमॉय कंपनीच्या जुन्या पाइपांवरचा तीन तुकड्यांचा 'सी', तर तो आत खोल बसलेला असतो, हलक्या घासण्यानं जात नाही. नुसतं ठसवून रंग भरलेलं चिन्ह मात्र दोन हातांत नाहीसं होतं. तीन-चार तासांनी स्टेम बाहेर काढून खडबडीत कापडानं पुसला की पिवळट गाळ निघतो. ब्लीचमध्ये टाकलं तर काम तासाभरात होतं, पण पृष्ठभाग बारीक भोकाभोकांचा होतो आणि ती भोकं घासून काढताना दुप्पट रबर जातं.

दातांचे खड्डे घासण्याआधी उठवून घ्यायचे. एबोनाइटला आपला मूळ आकार लक्षात असतो, ऊब मिळाली की दबलेला भाग वर येतो. स्टेमच्या आत पाइप क्लीनर घाला, बटणाकडचं टोक उकळत्या पाण्यात अर्धा-एक मिनिट धरा, खड्डे उथळ होतात. लायटरची ज्योत खालून झरझर फिरवूनही होतं, पण थांबलात की फोड येतो. एक धोका: स्टेम वाकडा असेल तर तो भागही उबेनं सरळ व्हायला बघतो. म्हणून फक्त टोक बुडवा. वाक मुळातच बिघडला असेल तर संपूर्ण स्टेम गरम करून, जाड बाटलीवर वाकवून, थंड पाण्याखाली धरला की तो तसाच राहतो. आत क्लीनर नसेल तर वाकाच्या जागी वाट चिमटते.

ऊब देऊनही राहिलेल्या खड्ड्यांत सायनोॲक्रिलेट भरायचं, फेव्हिक्विकच्या जातीचं, त्यात चिमूटभर ॲक्टिव्हेटेड चारकोल. मिश्रण काही सेकंदांत धरतं, म्हणून खड्ड्यापुरतंच करा. लवकर सुकावं म्हणून खाण्याचा सोडा टाकायची युक्ती सांगतात. त्यानं ते ठिसूळ होतं आणि काळ्यात राखाडी ठिपका कायमचा दिसतो. रात्रभर ठेवून सपाट कानशीनं बटणाची धार नव्यानं काढा. बटण चावून आरपार भोक पडलं असेल तर फटीत व्हॅसलिन लावलेली पुठ्ठ्याची पाचर घालून मग भरा, नाहीतर वाट बुजते.

मग वॉटर पेपर. सियागंजच्या हार्डवेअरच्या दुकानांत ४००, ६००, १०००, १५००, २००० सगळे नंबर मिळतात. खोल डाग असतील तरच ४०० ने सुरू करा, एरवी ६००. पाणी लावूनच घासायचं. सुकं घासलं तर रबराची धूळ नाकात जाते आणि पेपर लगेच भरतो. सपाट भागावर पेपर खोडरबराभोवती गुंडाळा, बोटानं घासलं की मधे घळ पडते. प्रत्येक नंबरला दिशा बदला: ६०० आडवा, १००० उभा, पुन्हा आडवा. आधीच्या नंबरचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा उचलू नका. २००० वर राहिलेला एक ६०० चा ओरखडा पॉलिशनंतरच दिसतो आणि मग सगळं मागे जायला लागतं. मायक्रोमेश, म्हणजे आणखी बारीक होत जाणारे घासायचे मऊ पॅड, मिळाले तर २००० नंतर ते, प्रत्येक तीन पॅडनंतर स्टेमला लिक्विड पॅराफिनचा हात. केमिस्टकडे ते मिळतं. शेंगदाण्याचं किंवा सरसोंचं तेल लावू नका, चिकट होतं आणि खवट वास धरतं.

लाकूड आणि स्टेमचा सांधा हीच खरी परीक्षा. स्टेम एकटा हातात धरून घासला तर त्याची कड गोल होते, व्यास कमी होतो, आणि परत बसवल्यावर शँक वर आणि स्टेम खाली असं दिसतं. उपाय दोन. आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणातून गोल चकती कापून तिला टेननच्या मापाचं भोक पाडा आणि टेननवर चढवा, पेपर चकतीवर घसरतो, कड शाबूत राहते. किंवा स्टेम शँकला लावूनच घासा, शँकवर मास्किंग टेपचे दोन थर देऊन, ठसे टेपखाली झाकून.

टेनन सैल असेल तर त्याच्या भोकापेक्षा किंचित जाड, गुळगुळीत सळई गरम करून आत सारा, एबोनाइट फुगून बसतं. थोडं थोडं, दर वेळी घालून बघत. टेनन मोडला असेल तर शँकमधला तुकडा लाकडात बसवायचा लोखंडी स्क्रू हातानं आत फिरवून ओढून काढता येतो. नवा टेनन डेलरिनचा, म्हणजे एका कडक प्लॅस्टिकचा, करतात. डेलरिनची कांडी घेऊन सांवेर रोडच्या किंवा पोलोग्राउंडच्या लेथवाल्याकडे जा, पण माप व्हर्नियरनं घेऊन कागदावर लिहून न्या, 'याच्यासारखा' असं सांगून चालत नाही. दशांश एक मिलिमीटरच्या फरकानंही टेनन सैल किंवा घट्ट होतो. डेलरिनला गोंद नीट धरत नाही, म्हणून स्टेममध्ये जाणाऱ्या टोकाला आटे किंवा खाचा पाडून घ्या. लेथवाल्याला स्टेममध्ये भोक पाडायला सांगाल तर एकदम पूर्ण मापाचं नको, लहान बिटपासून पायरीपायरीनं. एबोनाइट गरम झालं की बिट भरकटतं. सबंध स्टेमच नवा हवा असेल तर शाईच्या पेनांसाठी एबोनाइटचे रॉड आपल्याकडे विकत मिळतात.

लाकडाकडे येऊ. बाउलच्या कडेवरचा काळा थर बहुतेक वेळा नुसतं डांबर असतं आणि थुंकीनं भिजवलेल्या कापसाच्या काडीनं निघतं. ऐकायला किळसवाणं आहे, पण पाण्यापेक्षा लवकर निघतं आणि रंगाला धक्का लागत नाही. त्यानंतरही काळं राहिलं तर लाकूड जळलं आहे. कडेला धार शिल्लक असेल तर जळकं तसंच ठेवलेलं मला जास्त आवडतं. काढायचंच असेल तर सपाट काचेवर २२० चा पेपर, त्यावर बाउल उलटा ठेवून गोल फिरवायचा, दर चार-पाच फेऱ्यांनी उचलून बघायचं. जळकं गेलं की लगेच थांबा. मग ४००, ६००. दबलेला खड्डा असेल तर त्यावर ओल्या फडक्याची घडी ठेवून गरम सुरीची पात टेकवा, वाफेनं तंतू फुगून वर येतात. लाकूड तुटून गेलं असेल तर वाफेचा उपयोग नाही.

शँकला तडा असेल तर आधी भिंगातून तड्याचं शेवटचं टोक शोधा आणि त्याच्या अगदी पुढे १ मिमीचं भोक पाडा. भोक नसेल तर तडा गोंदाखालूनही पुढे सरकत राहतो. मग पातळ सायनोॲक्रिलेट तड्यात सोडून पकडीत धरायचं आणि शँकच्या तोंडाशी कडं चढवायचं. कडं सराफ्यात चांदीचं करून मिळतं किंवा पितळी नळीचा तुकडा कापून होतो. आतला व्यास शँकपेक्षा केसभर कमी ठेवा, कडं गरम करून चढवा, थंड होताना ते लाकूड आवळतं. ठशांवर कडं येणार असेल तर पातळ, ४-५ मिमी रुंदीचं करा.

आत लाकूड थोडंच खाल्लं गेलं असेल तर लेप देता येतो. ॲक्टिव्हेटेड चारकोल आणि घट्ट सायीचं दही, लेप पसरेल इतकं जाड. हवेच्या भोकात आधी पाइप क्लीनर घाला, मग बोटानं भिंतीवर पातळ थर. दोन दिवस वाळवा. दह्याचा वास राहत नाही. खोल खड्ड्याला हे पुरत नाही, तिथे सिगारची राख सोडियम सिलिकेटमध्ये कालवून भरतात.

आता मोटरची पाळी. ५० हर्ट्‌झवर चालणारी चार पोलची मोटर मिनिटाला साधारण १४४० फेरे घेते, तीच घ्या. बेंच ग्राइंडर २८०० च्या आसपास फिरतो, त्यावर एबोनाइट क्षणात करपतं. चाक शिवण नसलेल्या सैल सुती कापडाचं, प्रत्येक मसाल्याला वेगळं. पाइप चाकाच्या खालच्या अर्ध्या भागात, मध्याच्या खाली, दोन्ही हातांनी धरायचा. वरच्या बाजूला धरलात किंवा स्टेमचं टोक चाकासमोर आलं तर ते पाइप हिसकावून जमिनीवर आपटतं. खाली जुनी सतरंजी टाकून ठेवा. आधी तपकिरी ट्रिपोली (घासून पॉलिश करणारा मसाला) लाकडावर, हलक्या हातानं, मग पांढरा मसाला लाकूड आणि स्टेम दोन्हींवर, शेवटी कार्नौबा मेण. ठशांजवळ ट्रिपोली न्यायचाच नाही, तिथे कापडावर मेण घेऊन हातानं चोळा. कार्नौबा ब्राझीलच्या एका ताडाच्या पानांवरचं मेण, ८२ ते ८६ अंशांना वितळतं, म्हणून गरम पाइपवर टिकतं. मधमाशांचं मेण साठ-पासष्ट अंशांना पातळ होतं, हाताला लागतं. पॉलियुरेथेन किंवा लाखेचं पॉलिश मारू नका, गरम झालं की फोड येतात. स्टेमवरचं ठसवलेलं चिन्ह पुसट झालं असेल तर पांढरा ॲक्रिलिक रंग त्यात भरून, अर्धवट सुकल्यावर गुळगुळीत कार्डानं वरचा पुसून घ्या.

मीरशॉमचा पाइप वेगळा. पांढरा, हलका, जिभेला चिकटतो. तो तुर्कस्तानातल्या एस्कीशेहिरच्या खाणीतला मऊ दगड आहे. त्याला स्पिरिटमध्ये भिजवायचं नाही, रीमर लावायचा नाही. आतला कार्बन हातानं, बारीक पेपरनं, आणि बाहेरून किंचित ओलं फडकं. वापरानं आलेला मधासारखा रंग घासून काढणाऱ्यांना काय म्हणावं!

माळव्याच्या हवेचंही बघावं लागतं. मे महिन्यात इथली हवा इतकी कोरडी असते की स्पिरिटमध्ये भिजवलेला पाइप पंख्याखाली वाळवला तर शँकला तडा जाऊ शकतो. फडक्यात गुंडाळून, कपाटात, सावकाश वाळू द्या. स्टेम खिडकीत ठेवू नका, उन्हात तो पुन्हा खाकी पडतो. पावसाळ्यात उलट. बंद पिशवीत ठेवलेल्या बाउलमध्ये पांढरी बुरशी धरते, म्हणून सुती पिशवी. आणि जुलैत टेनन घट्ट झाला म्हणून त्याला पेपर लावू नका. लाकूड फुगलं आहे, टेनन आहे तेवढाच आहे. मऊ शिसपेन्सिल त्यावर घासा, ग्रॅफाइटनं तो सरकतो, आणि पाऊस संपेपर्यंत तसंच चालवा. दिवाळीला लाकूड परत आक्रसतं, आणि जुलैत घासलेला स्टेम तेव्हा पाइप उचलताच गळून पडतो.